तोच प्रश्न पुन्हा आला, तर काय करायचं?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या एका सीआरपी ताईंनी केलेलं भाषण. ज्या सभासदांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं, ही विनंती.)



मला सांगितलं होतं की 'नवीन सभासदांना मार्गदर्शन' या विषयावर बोल. मार्गदर्शन वगैरे करण्याएवढी मी मोठी नाही. पण नवीन बायका जे प्रश्न विचारतात, तेच तेच, पुन्हा पुन्हा, त्याबद्दल बोलते. कारण त्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती तुमच्या हातून होऊ नये असं वाटतं.

आधी माझ्यापासून सुरुवात करते. मी गटात आले तेव्हा लग्नाला वर्ष झालं होतं. पहिल्याच बैठकीत अध्यक्षबाई म्हणाल्या, 'कर्जाला शेकडा दोन टक्के व्याज.' मी विचारलं, 'शेकडा दोन म्हणजे काय?' सगळ्या हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आमच्यात एक म्हातारी मावशी होत्या, सही करता येत नव्हती, अंगठा लावायच्या. त्यांनी सुपातले शेंगदाणे घेतले, माझ्यासमोर शंभर मोजून ठेवले आणि बाजूला दोन ठेवले. म्हणाल्या, 'हे शंभर तू नेले. महिन्याने आणून देताना हे दोन वर ठेवायचे. हे दोन कुणाच्या घरी जात नाहीत, याच सुपात पडतात. वर्षाअखेर सूप भरलेलं दिसेल ते ह्याच्यामुळं.' आजपर्यंत मी व्याज विसरले नाही. पुढे मी सीआरपी झाले, किती गावांत प्रशिक्षणं घेतली, तरी व्याज सांगताना माझ्या डोळ्यांपुढे ते सूपच येतं.

माझी चूक

आता चूक सांगते. आमच्या गटाचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे, तसा तुमच्याही बहुतेकींचा असेल. गेल्या वर्षी एक नवीन सून गटात आली. एका रात्री साडेनऊला तिने ग्रुपवर लिहिलं, 'कर्ज कधी मिळतं?' मी दिवसभर तीन गावं फिरून आले होते. भाकरी तव्यावर होती. त्याच आठवड्यात तोच प्रश्न मला चार जणींनी विचारला होता. मी लिहिलं, 'शंभर वेळा सांगितलंय. वर बघा.' खाली दोघी-तिघींनी हसण्याचे चेहरे टाकले. झालं.

ती पुढच्या दोन बैठकांना आली, बचत भरली, एक शब्द बोलली नाही. आम्हाला वाटलं, शांत स्वभावाची आहे. दोन महिन्यांनी तिच्या दारात एका खाजगी कंपनीचा वसुलीवाला उभा राहिलेला शेजारणीने पाहिला, तेव्हा कळलं. लेकराला दवाखान्यात दाखल करावं लागलं होतं, आठ हजार रुपये पाहिजे होते. तिने कंपनीकडून आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज घेतलं, आणि तो हप्ता भरायला दुसऱ्या ठिकाणाहून उचललं.

मी घरी येऊन रजिस्टर उघडलं. ज्या रात्री तिने प्रश्न विचारला, त्या दिवशी आमच्या गटाच्या खात्यावर बावीस हजार रुपये नुसते पडून होते. दवाखान्यासाठी तातडीचं कर्ज द्यायचं, असा ठरावसुद्धा आमच्या प्रोसिडिंगमध्ये होता. पैसा होता, नियम होता, बाई गटातली होती. मधे आडवं आलं ते माझं एक वाक्य.

आम्ही पुढच्या बैठकीत तिला गटातून कर्ज दिलं, तिने बाहेरची दोन्ही कर्जं मिटवली, आता गटाचे हप्ते नीट भरते आहे. पण मधल्या दिवसांत तिने जो त्रास काढला तो परत घेता येत नाही. मी तिची सगळ्यांसमोर माफी मागितली. आज तिला विचारूनच ही गोष्ट सांगते आहे.

प्रश्न तोच, पण बाई वेगळी

तेव्हापासून मी एक करते. नवीन बाईने जुना प्रश्न विचारला की उत्तर द्यायच्या आधी विचारते, 'ताई, काही झालंय का?' कारण शब्द तेच असले तरी प्रत्येकीच्या मनातलं वेगळं असतं.

'पैसे बुडणार नाहीत ना?' हा प्रश्न आपल्याला सगळ्यात जास्त येतो. ऐकून राग येतो, आमच्यावर विश्वास नाही का म्हणून. पण विचारून बघा. कुणाची भिशी बुडालेली असते. कुणाच्या नवऱ्याने दामदुपटीच्या स्कीममध्ये पैसे घातलेले असतात. तिला तुमचा स्वभाव चांगला आहे हे ऐकायचं नसतं. तिला ऐकायचं असतं की खातं गटाच्या नावाने आहे, एकटी बाई पैसे काढू शकत नाही, काढायचे तर गटाने ठराव करायचा आणि ठरलेल्या सह्या लागतात. पासबुक तिच्या हातात द्या, शेवटचा आकडा तिला बघू द्या. वाचता येत नसेल तर तिच्या मुलीला बोलवा. पाच मिनिटांचं काम आहे.

'मधेच बचत थांबली तर नाव कमी होतं का?' हा प्रश्न आमच्याकडे दर वर्षी पाडव्याच्या सुमाराला येतो. ज्या बायका दिवाळीच्या आसपास कोयत्यावर जातात, त्या परत येतात तेव्हा. चार-पाच महिने फडावर, पाल ठोकून राहायचं, पहाटे अंधारात ऊस तोडायचा, त्यात बैठकीचं काय लक्षात राहणार? त्या जुन्या सभासद असल्या तरी परत येतात तेव्हा नव्यासारख्याच असतात. त्यांना 'मागच्या वर्षीच सांगितलं होतं की' असं म्हणू नका. आमच्या गटाने ठराव केला आहे की जाण्याआधी उचल मिळते त्यातून जमेल तेवढी बचत आधी भरायची, उरलेली आल्यावर दोन हप्त्यांत, दंड नाही. तुमच्या गटाचा नियम वेगळा असेल. पण तो लिहिलेला असावा, आणि बाई जाण्याआधी तिला वाचून दाखवलेला असावा.

पाच उत्तरं सगळ्यांना यायला हवीत

आता काही उत्तरं अशी आहेत जी फक्त अध्यक्ष-सचिवांना येऊन उपयोग नाही. प्रत्येक सभासदाला यायला पाहिजेत.

एक, व्याज कुठे जातं? गटाच्या अंतर्गत कर्जाचं व्याज गटातच राहतं. ते आपलंच आहे. बँकेच्या कर्जाचं व्याज बँकेला जातं. हे दोन वेगळे सांगा, नाहीतर घोळ होतो.

दोन, किती भरायचं? हे शेंगदाण्यासारखंच हातात धरून दाखवा. पाच हजार घेतले, दर महिन्याला पाचशे मुद्दल परत, दहा हप्ते. शेकडा दोनने पहिल्या महिन्याला व्याज शंभर. दुसऱ्या महिन्याला साडेचार हजार राहिले, व्याज नव्वद. मग ऐंशी, सत्तर, असं उतरत शेवटच्या महिन्याला दहा. सगळं मिळून साडेपाचशे रुपये. हेच जर कुणी पूर्ण पाच हजारांवर दहा महिने सारखं व्याज धरलं, तर हजार होतात. म्हणजे दर तोच, पण हिशोबाची पद्धत बदलली की साडेचारशे रुपयांचा फरक. 'उतरतं व्याज की सरसकट?' हा एक प्रश्न नव्या सुनेला विचारता आला, तर बाहेरच्या कर्जात तिला कुणी सहज फसवणार नाही.

तीन, फिरता निधी वाटून घ्यायचा असतो का? नाही. तो गटाचा आहे, अंतर्गत कर्जासाठी फिरत राहायचा, म्हणून तर त्याला फिरता म्हणतात.

चार, बँक तारण मागेल का? रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की बचत गटाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण घ्यायचं नाही, आणि गटाचं बचत खातंही अडवून ठेवायचं नाही. हे साहेब समोर बसलेत, मान हलवतायत, म्हणजे बरोबर आहे. पण तारण नाही म्हणजे जबाबदारी नाही असं नव्हे. कर्ज गटाच्या नावावर असतं. एकीने थकवलं तर झळ सगळ्यांना लागते, पुढचं कर्ज अडतं. म्हणून पहिल्याच दिवशी हे स्पष्ट सांगा, गोड बोलून लपवू नका.

पाच, गट सोडला तर? तिची बचत तिची असते. तिच्याकडे कर्ज बाकी असेल तर ते वळतं करून उरलेली परत द्यायची. कधी आणि कशी, ते गटाच्या नियमावलीत लिहून ठेवा. सोडायची वेळ आल्यावर नियम ठरवायला बसलात की भांडण झालंच समजा.

उत्तर कुणी द्यायचं?

खरं सांगते, तीच तीच उत्तरं देऊन माणूस थकतो. लेखापाल ताई थकते, सचिव थकते, मी थकते. थकणं पाप नाही. पण थकलेल्या बाईवरच सगळे प्रश्न टाकणं चूक आहे. आम्ही काय केलं ते सांगते.

नवीन बाई आली की तिला पहिल्या तीन महिन्यांसाठी एक सोबतीण देतो. शक्यतो शेजारची, रोज पाण्यावर, रानात भेटणारी. कारण बैठकीत वीस जणींसमोर जे विचारवत नाही, ते बांधावर बसून विचारता येतं.

आणि सोबतीण म्हणून सगळ्यात जुनी बाई देत नाही. जी वर्षभरापूर्वी आली तिला देतो. हे आम्हाला अनुभवाने कळलं. जुनीला सगळं इतकं पाठ असतं की काय अवघड आहे तेच तिला आठवत नाही. वर्षापूर्वी आलेलीला आठवतं की आपण कुठे अडखळलो होतो. शिवाय दुसरीला समजावताना तिचं स्वतःचं पक्कं होतं. आमची एक वहिनी सोबतीण झाली तेव्हा मला गुपचूप विचारून गेली, 'ताई, फिरता निधी म्हणजे नक्की काय ते मलाच एकदा सांगा.' वर्षभर तिने मान हलवून काढलं होतं!

दुसरं, बैठकीच्या सुरुवातीला प्रार्थना झाली की पाच मिनिटं एकच प्रश्न घेतो. आज व्याज, पुढच्या वेळी ठराव, त्याच्या पुढच्या वेळी सह्या. जुन्या बायका म्हणाल्या, 'आम्हाला माहीत आहे की.' मी म्हटलं, 'मग तुम्हीच सांगा.' तिथे कळलं की दोघींची उत्तरं दोन निघतात. मग नव्या बाईचा गोंधळ होणार नाही तर काय?

तिसरं, भिंतीवर तक्ता लावलाय, मोठ्या अक्षरात. पण तक्ता म्हणजे 'जा, तिकडे वाच' म्हणायची सोय नव्हे. तिच्याबरोबर तक्त्यापुढे उभं राहून बोट ठेवून वाचायचं.

मोबाईलवर

मोबाईलचं थोडं वेगळं आहे. बैठकीत चेहरा दिसतो, आवाज कळतो. मोबाईलवर तेच शब्द कोरडे लागतात. 'वर बघा' हे मी रागाने लिहिलं की सहज, तिला कसं कळणार? आणि वर बघून सापडतं तरी का? शुभ सकाळची फुलं, वाढदिवस, बाजारभाव, त्याच्यात आपलं उत्तर कुठे तरी गाडलेलं असतं.

आम्ही नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं दोन-दोन मिनिटांच्या आवाजात भरून ठेवली आहेत. प्रश्न आला की तेच पुढे पाठवायचं, पण आधी तिचं नाव घेऊन दोन शब्द लिहायचे, 'ताई, हे ऐका, नाही कळलं तर फोन करा.' ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ऐकता येतं. पुन्हा टाइप करायचा ताप वाचतो.

दुसरा नियम, उत्तर एकीनेच द्यायचं. दर महिन्याला एकीची पाळी. पंधरा जणी पंधरा तऱ्हेने बोलल्या की नव्या बाईच्या पदरात काहीच पडत नाही. आणि नक्की माहीत नसेल तर 'विचारून सांगते' म्हणायचं. चुकीचं उत्तर दुसऱ्या गावात पोचायला रात्रसुद्धा लागत नाही.

तिसरा नियम, कुणाच्या कर्जाचं, थकबाकीचं ग्रुपवर बोलायचं नाही. आधार कार्डाचा, पासबुकाचा फोटो तिथे टाकायचा नाही.

आणि एक प्रश्न असा आहे जो शंभरदा आला तरी माझी हरकत नाही. 'योजनेचे पैसे जमा होणार आहेत, लिंक दाबा असा मेसेज आलाय, खरा आहे का?' हा प्रश्न रात्री अकराला आला तरी उत्तर द्या. दाबू नको, ओटीपी कुणालाही सांगू नको. आणि पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नको, ताबडतोब 1930 या नंबरला फोन कर आणि बँकेला कळव. बाईने विचारलं म्हणजे ती वाचली. आपण हसलो तर पुढच्या वेळी ती विचारणार नाही, नुसतं दाबून मोकळी होईल.

प्रश्न आपल्याला काय सांगतो

शेवटची गोष्ट. आमच्या गावातल्या एका गटात एकाच महिन्यात तीन नव्या बायकांनी विचारलं, 'माझी बचत किती झाली?' दोघींना उत्तर मिळालं, 'रजिस्टरमध्ये आहे.' तिसरी जरा धीट होती. ती म्हणाली, 'मग रजिस्टर दाखवा.' उघडलं तर काय, लेखापाल ताई बाळंतपणाला माहेरी गेल्यापासून चार महिने कुणाचंच पासबुक भरलेलं नव्हतं. नोंदी चिठ्ठ्यांवर होत्या. एका बाईचे सहाशे रुपये दुसरीच्या नावावर चढले होते, कारण दोघींचं नाव एकच. कुणी पैसे खाल्ले नव्हते. पण आणखी वर्ष गेलं असतं, चिठ्ठ्या हरवल्या असत्या, तर कुणीतरी कुणावर तरी आळ घेतला असता आणि गट फुटला असता. आम्ही तीन संध्याकाळी बसून सगळं जुळवलं.

म्हणून आता आमच्या ग्रामसंघात ठरलं आहे. तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या बायकांनी विचारला की तो प्रोसिडिंगमध्ये लिहायचा आणि बैठकीत घ्यायचा. बायकांना कळत नाही असं धरायचं नाही. आपलं सांगणं कुठे कमी पडतंय, की आपल्या वह्यांत काही राहिलंय, हे बघायचं.

आता कुणी म्हणेल, काही बायका हप्ता चुकवायलाच तोच प्रश्न विचारतात. असतात अशाही. हप्त्याच्या दिवशीच त्यांना नियम कळेनासा होतो! तिथे उत्तर द्यायचं, रागवायचं नाही, आणि हप्ताही सोडायचा नाही. पण अशी एखादी असते. तिच्यामुळे बाकीच्या दहा जणींचं तोंड बंद करू नका.

आपण नियमित बैठक, बचत, कर्ज, परतफेड, हिशोब अशी सूत्रं म्हणतो. त्यातलं एकही सूत्र न समजता चालत नाही, आणि विचारल्याशिवाय समजत नाही. घरी गेल्यावर एवढंच करा. तुमच्या गटात सगळ्यात शेवटी आलेली बाई कोण, ती आठवा. तिने गेल्या तीन बैठकांत काही विचारलं का, ते आठवा. नसेल विचारलं, तर उद्या पाण्यावर भेटली की तिच्याजवळ थांबा आणि तुम्हीच विचारा, 'काही अडतंय का गं?'

त्या मावशी आता नाहीत. त्यांच्या शेंगदाण्यांवर मी इतकी वर्षं व्याज शिकवते आहे, ते ऋण फेडायचं तर पुढच्या बाईसमोर सूप घेऊन बसावंच लागेल. एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते. काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या, आणि काही कळलं नसेल तर आत्ताच विचारा.